जैसलमेर : दगडात राहिलेले हात



दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे चौघे जैसलमेरला जाऊन आलो. निघायच्या आधी नातेवाइकांनी एकच प्रश्न विचारला. "मुलगा दहावीत, आणि तुम्ही वाळवंट बघायला चाललात?" प्रश्न चुकीचा नव्हता. पण दोन वर्षं थोडेथोडे पैसे बाजूला टाकून ही सहल ठरली होती. शिवाय घरातली हवाही जरा बदलायला हवी होती.

झालं होतं असं. पहिल्या सत्राचा निकाल आला आणि मुलाला जेमतेम पन्नास टक्के मिळाले. जेवताना तो म्हणाला, "अब्बा, मला दहावीनंतर आयटीआयला जायचंय. बांधकामाचं शिकायचंय." मी शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवत वीस वर्षं झाली. मास्तरांचा मुलगा आयटीआयला जाणार म्हटल्यावर माझा तोल गेला. मी बोलून गेलो, "म्हणजे आजोबांसारखे चिरे उचलणार?"

माझे वडील गवंडी होते. रत्नागिरीच्या आसपासच्या कित्येक वाड्यांतली जांभ्या दगडाची घरं त्यांच्या हातची आहेत. त्यांच्याच मजुरीवर मी बीएड झालो. मुलगा गप्प बसला, बायकोने ताटातली भाकरी तशीच ठेवली. त्यानंतर दोन आठवडे मुलगा माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. अशा अवस्थेत आम्ही गाडीत बसलो.

वांद्र्याहून जोधपूर आणि तिथून पुढे पाच-सहा तासांचा रेल्वेचा प्रवास. जोधपूर सुटल्यावर मुलगी खिडकीला नाक लावून वाळूच्या टेकड्या शोधत होती. दिसत होत्या त्या खेजडीची झाडं, काटेरी झुडपं आणि दगडगोट्यांचं माळरान. "अब्बा, वाळवंट कुठाय?" असं तिने पन्नास वेळा तरी विचारलं असेल. आपल्यापैकी पुष्कळांचा हाच गैरसमज असतो. थरचं वाळवंट म्हणजे सगळीकडे वाळूचे डोंगर नव्हेत. जैसलमेर शहर खडकाळ जमिनीवर वसलं आहे. चित्रातल्या वाळूच्या टेकड्या बघायला शहरापासून चाळीसेक किलोमीटर दूर जावं लागतं.

गाडीतून उतरलो तेव्हा दुपार कलली होती. समोर त्रिकूट टेकडीवर किल्ला होता. टेकडी पिवळी, तटबंदी पिवळी, आतली घरंही पिवळी. उन्हं उतरू लागली तसा त्या पिवळ्याचा रंग मधासारखा झाला. इथले लोक याला 'सोनार किल्ला' म्हणतात. सत्यजित राय यांनी 1974 मध्ये याच नावाचा बंगाली चित्रपट केला, तेव्हापासून बंगाली पर्यटकांची इथे रीघ असते.

रावल जैसल या भाटी राजाने 1156 मध्ये हे शहर वसवलं. किल्ल्याला 99 बुरूज आहेत. 2013 साली राजस्थानच्या इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर याला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. पण आपल्याकडच्या बहुतेक किल्ल्यांसारखा हा रिकामा किल्ला नाही. आत आजही काही हजार माणसं राहतात. चार दरवाजे ओलांडून वर गेलं की चौक लागतो. मग गल्ल्या, किराणा दुकानं, शाळेतून परतणारी मुलं, दारात वाळत घातलेले कपडे. आत जुनी जैन मंदिरंही आहेत. त्यांचं कोरीव काम बघण्यासारखं आहे. चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवून जावं लागतं. तिथल्या ग्रंथभांडारात ताडपत्रांवरच्या जुन्या पोथ्या जपल्या आहेत.

एक गोष्ट मात्र जाणाऱ्याने आधीच समजून घ्यावी. किल्ल्यात राहण्याची हौस पुष्कळांना असते, कारण आत हॉटेलं आहेत. पण ही टेकडी ठिसूळ खडकाची आणि मातीची आहे. पूर्वी वर पाणी डोक्यावरून वाहून न्यायचे, त्यामुळे ते जपून वापरलं जाई. नळ आले, पाहुणे वाढले, सांडपाणी टेकडीत मुरू लागलं आणि पाया खचू लागला. गेल्या काही दशकांत काही बुरूज ढासळले आहेत. म्हणून आम्ही खाली गावात उतरलो. किल्ला खालून जास्त चांगला दिसतो, हा वरचा फायदा.

दुसऱ्या दिवशी हवेल्या बघितल्या. सर्वांत प्रसिद्ध पटवांच्या हवेल्या. गुमानचंद पटवा नावाच्या व्यापाऱ्याच्या घराण्याने 19व्या शतकात एकाला एक लागून पाच हवेल्या बांधल्या. जैसलमेर त्या काळी उंटांच्या तांड्यांच्या वाटेवर होतं. सिंध, अफगाणिस्तान, गुजरात इकडून तिकडे माल जायचा. रेशीम, अफू, मसाले, सुकामेवा. तो पैसा या दगडात उतरला आहे. खिडक्यांच्या जाळ्या इतक्या बारीक की लाकूड कोरलंय असं वाटावं. या जाळ्या नुसत्या शोभेच्या नाहीत. उन्हाळ्यात त्यांतून वारा आत खेळतो, ऊन आणि धूळ अडते आणि आतल्या बायकांना पडदा राखून रस्ता दिसतो. सालिम सिंह या दिवाणाची हवेली खाली अरुंद आणि वर रुंद आहे. तिच्या माथ्यावर मोरांच्या आकाराचे कंस बसवले आहेत.

मुलगा सगळीकडे जवळ जाऊन दगडांवर बोट फिरवत होता. एका ठिकाणी त्याने मला हाक मारली. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच. "अब्बा, इथे चुना नाही, सिमेंट नाही. दगडात दगड अडकवलाय." मी बघितलं. खरंच, एका दगडाला खाच होती, दुसऱ्याला तिच्यात बसणारं टोक. काही जागी लोखंडी पट्टीने दोन दगड जोडलेले होते. वाळवंटात चुना कालवायला पाणी कुठून आणायचं? म्हणून कारागिरांनी सांधेच असे घडवले की पाण्याची गरज कमी पडावी. मी त्या दारासमोरून तसाच पुढे गेलो असतो.

मग नथमल हवेलीकडे वळलो. ही 1885 च्या सुमाराची. मोहता नथमल या दिवाणासाठी बांधलेली. दारावर पिवळ्या दगडाचे दोन हत्ती उभे आहेत. हिचे कारागीर हाथी आणि लालू हे दोघे सख्खे भाऊ, मुसलमान शिलावट. शिलावट म्हणजे दगड घडवणारे. एका भावाने डावी बाजू घेतली, दुसऱ्याने उजवी. रस्त्यावरून बघाल तर दोन्ही बाजू सारख्या वाटतात. पण जवळ जाऊन एकेक खिडकी पडताळून बघा. डावीकडचं फूल उजवीकडे वेगळं निघतं, वेल वेगळा वळतो.

माझी दोन्ही मुलं अर्धा तास फरक शोधत बसली. मुलगी मोजत होती, मुलगा दाखवत होता. तुमच्याबरोबर मुलं असतील तर हा खेळ जरूर खेळा. तिकीट काढून दाखवलेल्या दहा गोष्टींपेक्षा तो जास्त लक्षात राहील.

एवढ्यात जोहरची वेळ झाली. जवळच्या मशिदीत गेलो. प्रवासात असल्यामुळे आम्ही कसर पढली. नमाजनंतर एका बुजुर्गांनी विचारपूस केली. कुठून आलात, काय करता. मी मास्तर आहे म्हटल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांचे तळवे खडबडीत होते, अगदी माझ्या वडिलांच्या हातांसारखे. ते शिलावट घराण्यातले निघाले. म्हणाले, "मास्टरजी, शहर बघताय ना? मग हेही बघा." आणि आम्हाला आपल्या पुतण्याच्या कारखान्यात घेऊन गेले.

कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड. आता कटरचं यंत्र आहे, पण बारीक काम अजून छिन्नी-हातोडीनेच चालतं. बुजुर्गांनी सांगितलं की इथल्या हवेल्यांवर त्यांच्या पूर्वजांनी पिढ्यानपिढ्या काम केलं. गावात काम मिळेनासं झालं तेव्हा बरेच शिलावट कराचीला गेले आणि तिथल्या मोठमोठ्या इमारतींचे दगड त्यांनी घडवले. "तिकडे आमची अर्धी बिरादरी राहिली," ते म्हणाले. संध्याकाळी बादल विलास बघून या, असंही त्यांनी सांगितलं. आम्ही गेलो. राजवाड्याच्या आवारात ताजियाच्या आकाराचा पाच मजली मनोरा आहे. 19व्या शतकाच्या अखेरीस मुसलमान कारागिरांनी तो घडवून महारावलांना भेट दिला. आजही तो ताजिया टॉवर या नावानेच ओळखला जातो.

पण मला सांगायचं आहे ते शेडमधलं. मुलाने छिन्नी हातात घेऊन बघू का, असं विचारलं. पुतण्याने एक टाकाऊ तुकडा दिला, त्यावर गोल आखायला सांगितला आणि त्याचे आठ सारखे भाग कर म्हणाला. मुलगा अडकला. मग बुजुर्ग हसून म्हणाले, "बेटा, हात चांगला आहे. पण हिशेब शिक. जाळीत एक घर चुकलं की पूर्ण दगड वाया." मी वर्गात वर्षानुवर्षं भूमिती हा शब्द ऐकतो. ती भूक लागल्यासारखी कुणाला लागलेली मी त्या दिवशी पाहिली. मुलगा कंपास कसा धरतात ते माझ्याकडून नव्हे, त्या पुतण्याकडून शिकत होता.

संध्याकाळी गडीसर तलावावर बसलो. 14व्या शतकात रावल गडसी यांनी बांधलेला हा तलाव. गावात नळ येईपर्यंत शहराला मुख्य पाणी इथूनच मिळे. काठावर छत्र्या, घाट, पाण्यात होड्या. थंडीत पक्षीही उतरतात. जैसलमेरला वर्षभरात पाऊस पडतो तो सरासरी वीस सेंटीमीटरपेक्षाही कमी. आमच्या रत्नागिरीत तीनशे सेंटीमीटरच्या वर पडतो. तरी मे महिन्यात आमच्याकडच्या कित्येक वाड्यांवर टँकर येतो. बायको म्हणाली, "यांना थेंब मिळाला तर यांनी तलाव केला. आपल्याला समुद्र मिळाला तर आपण तो वाहू दिला." मी यावर काही बोललो नाही. आमच्या घराच्या पागोळ्यांचं पाणीही गटारातच जातं.

तिसऱ्या दिवशी गाडी ठरवून कुलधरा आणि सम बघायला निघालो. कुलधरा हे शहरापासून सतरा-अठरा किलोमीटरवरचं ओसाड गाव. पालीवाल ब्राह्मणांनी ते सोडलं. का सोडलं याच्या अनेक कथा सांगतात आणि वाटाड्या त्यात भुतं मिसळतो. भुतांकडे लक्ष देऊ नका, गावाकडे द्या. सरळ रस्ते, दगडी घरं, प्रत्येकाला अंगण. याच पालीवालांनी खडीन नावाची पद्धत वापरली. उताराच्या खाली मातीचा लांब बांध घालायचा, वरच्या खडकाळ माळावरून आलेलं पावसाचं पाणी त्याला अडवायचं, ते जमिनीत जिरू द्यायचं आणि त्या ओलीवर थंडीत गहू-हरभरा घ्यायचा. वाळवंटात गहू! हिवाळ्यात गेलात तर चालकाला एखादं चालू खडीन दाखवायला सांगा. आजही आहेत.

समच्या टेकड्यांबद्दल मात्र स्पष्ट लिहितो. फोनवर जो तंबू ठरवला होता तो आणि प्रत्यक्षातला तंबू यांत फार अंतर होतं. उंटाची फेरी दरात धरली आहे असं सांगितलं होतं. तिथे गेल्यावर ती दहा मिनिटांची निघाली, पुढे जायचं तर वेगळे पैसे. जीपवाले तर पाठच सोडत नाहीत. तुम्ही जाल तर काय काय मिळणार ते आधी लिहून मागवा. सूर्यास्त बघून शहरात परत आलात तरी काही बिघडत नाही. गर्दी नको असेल तर खुरी गावाच्या टेकड्या शांत आहेत, असं कारखान्यातल्या लोकांनी सांगितलं होतं. पुढच्या वेळी तिकडेच जाणार. मुलगी मात्र त्या दहा मिनिटांवरही खूश होती. उंट उठताना आधी मागचे पाय उभे करतो, हे तिने शाळेत सगळ्यांना सांगितलं.

तंबूत रात्री गाण्याचा कार्यक्रम होता. सुरुवातीला मोठ्या भोंग्यावर सिनेमाची गाणी लागली. मग ती थांबली आणि चार मांगणियार येऊन बसले. मांगणियार हे धर्माने मुसलमान, पण पिढ्यानपिढ्या त्यांचे यजमान राजपूत आणि इतर हिंदू कुटुंबं. यजमानाच्या घरी मूल जन्मलं, लग्न ठरलं की गायला हेच. कुणाच्या घराण्यात कोण झालं हे त्यांना तोंडपाठ असतं. कमायचा हे त्यांचं गजाने वाजवायचं वाद्य, आणि खडताल म्हणजे बोटांत धरून वाजवायच्या लाकडी पट्ट्या. याच समाजातले कमायचावादक साकर खान यांना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हापासून पुष्कळांना हे नाव कळलं. पण तंबूतल्या त्या चौघांत एक मुलगा माझ्या मुलाच्या वयाचा होता. मी विचारलं, शाळेत जातोस का? तो म्हणाला, "नववीत आहे. सकाळी शाळा, रात्री गाणं." त्याच्या वडिलांनी लगेच सांगितलं, "दोन्ही करतो, मास्टरजी. गाणं सोडलं तर आमच्याकडे राहणार काय? आणि शाळा सोडली तर हा करार वाचणार कसा?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. गेली वीस वर्षं मी पालकांना सांगत आलो, मुलांना धंद्याला लावू नका, शिकवा. ते बरोबरच आहे आणि पुढेही सांगेन. पण शिक्षण म्हणजे हाताच्या कामापासून सुटका, असं मी कधी समजू लागलो? माझे वडील ओळंबा लावून भिंत सरळ आहे का बघायचे, गुण्याने कोन तपासायचे. लहानपणी मी त्यांच्यासाठी ओळंबा धरून उभा राहायचो. नंतर वर्गात वडिलांचा व्यवसाय लिहायची वेळ आली की मी 'बांधकाम' एवढंच लिहायचो. गवंडी लिहायला मला लाज वाटायची. तीच लाज मी त्या रात्री जेवणाच्या ताटावर मुलाच्या पुढ्यात ठेवली होती.

परतीच्या गाडीत वरच्या बर्थवर मुलगा जागा होता. मी म्हणालो, "त्या दिवशी मी आजोबांबद्दल जे बोललो ते चूक होतं. तुझ्याबद्दलही." तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "अब्बा, त्या गोलाचे आठ भाग मला अजून नीट जमत नाहीत." मी पिशवीतली वही काढली. दोघांनी मिळून आखले.

दहावीनंतर तो आयटीआयला जाईल की अकरावीला, हे अजून ठरलेलं नाही. गणितात सुधारला तर डिप्लोमाही करता येईल, असं शाळेतले सहकारी म्हणतात. ते निकालानंतर बघू, इन्शाअल्लाह. पण आल्या दिवशी मुलाने माळ्यावर चढून आजोबांची पेटी उतरवली. ओळंब्याची दोरी कुजली होती, लोळा मात्र गंजाशिवाय तसाच होता. त्याने नवी दोरी बांधली. आता तो त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर खिळ्याला टांगलेला आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं लिहितो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. उन्हाळ्यात मुलांना घेऊन जाऊ नका. रात्री थंडी असते, शाली ठेवा. शहरासाठी दोन दिवस, कुलधरा-समसाठी एक दिवस पुरतो. अधिक वेळ असेल तर सहा किलोमीटरवर बडा बाग इथल्या राजांच्या छत्र्या बघा, आणि अकल इथलं जीवाश्म झालेल्या झाडांचं उद्यान. जिथे आज गवतही कष्टाने उगवतं तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वी जंगल होतं, हे मुलांना तिथे उभं करून दाखवता येतं. वाळवंट राष्ट्रीय उद्यानात माळढोक म्हणजे गोडावण हा पक्षी आहे. तो फार थोडा उरला आहे, दिसला तर नशीब. जेवणाची चिंता नाही. केर-सांगरीची भाजी, बाजरीची भाकरी आणि गट्टे आमच्या चौघांनाही आवडले. सीमाभाग असल्याने सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा. आणि हवेलीसमोर फोटो काढून झाला की पाच मिनिटं थांबून जवळ जा, दगडावर हात ठेवा. ते ज्याने घडवलं त्याचं नाव विचारा. काही जागी ते सांगणारी माणसं अजून आहेत.

आपल्या घरातही विचारा. आजोबा काय करायचे, नानी काय विणायची. माळ्यावरची पेटी एकदा उघडून बघा. त्यात काय निघालं ते मला पत्राने कळवा, पुढच्या अंकांत त्यावर बोलू.

खुदा हाफिज.